बाबांच्या बेलचा दिवा

आमच्या आत्याला सगळे खटपटी आत्या म्हणतात. आयुष्यभर तिने शाळेत शिवण शिकवलं, निवृत्त झाली आणि हातात तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न घेतलं. "सुई ती सुईच, ही फक्त तापते," म्हणाली. तिने बनवलेल्यातलं निम्मं आपोआप बंद पडतं, उरलेलं आम्ही बंद करतो. तरीही माझे बाबा आज स्वतःच्या घरात राहतात ते तिच्यामुळे. तिचे उपकार मी विसरणार नाही.

बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि कानात यंत्र घालतील तर शपथ. एकदा मी आणि आत्या बेल दाबून दाबून थकलो. शेवटी सुताराला बोलावून कडी तोडली. आत बाबा निवांत पेपर वाचत होते. त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आता या घराला कुलूप, तुम्ही माझ्याकडे चला. बाबा त्या रात्री जेवलेही नाहीत.

आत्याने ठरवलं, बेल दाबली की बाबांच्या खुर्चीसमोर दिवा लागायला हवा. पहिला एलईडी तिने थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. तो एकदा चमकला आणि त्याने राम म्हटला. "अगं, करंटला लगाम घालणारा रेझिस्टर राहिलाच की!" मग दुधाने तोंड पोळलेली आत्या ताकही फुंकून प्यायली. नव्या लाल एलईडीला चांगला हजार ओहमचा रेझिस्टर लावला.

ती समोर बसून बटण दाबायची आणि बाबा लगेच म्हणायचे, "दिसला!" आत्या खूश. मला काही ते पटेना. मी तिला बाहेर पाठवलं, दार लावलं. तिने बेल दाबली. खिडकीतल्या उन्हात दिवा लागल्यासारखं जेमतेम वाटलं. बाबा पेपरच वाचत राहिले. मघाशी ते दिवा नाही, बहिणीचा अंगठा बघत होते.

"दादा, लबाडी केलीस?" आत्या आत येऊन त्यांच्या कानाशी ओरडली.

"मग काय करू? घर सोडू?" बाबांनी पेपर खाली ठेवला.

आत्या रागावली नाही. "लगाम फारच आवळला मी," म्हणत डबा उघडून तिने एक भडक हिरवा एलईडी शोधला. "नऊ व्होल्टमधले तीन याचे, उरले सहा. वीस मिलीअँपिअर धरले तर तीनशे ओहम. माझ्याकडे तीनशे तीसचा आहे, चालेल." तो जोडून झाल्यावर दिव्यावर ऊन पडू नये म्हणून तिने काळ्या कापडाचं टोपडं शिवलं. शिवण कामाला आली.

पुढच्या आठवड्यात मी भर दुपारी न सांगता गेले. बेल दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली, मग दाबतच राहिले.

दार उघडलं. कपाळाला आठ्या घालून बाबा उभे.

"किती वेळा दाबतेस? म्हातारा माणूस आहे, उठायला वेळ लागतो. दिसला मला दिवा!"

मी तिथूनच आत्याला फोन लावला. "आत्या, बाबा ओरडले गं मला," एवढंच सांगता आलं. पुढे रडूच फुटलं.