फ्लेक्सवरची वैमानिक

मी आयुष्यात कधी विमानात बसलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळी भानगड त्यावरूनच झाली.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून एक व्याख्यान तयार केलं: महायुद्धात विमानं चालवणाऱ्या बायकांवर. महिला मंडळांत दिलं, भिशीत दिलं, एकदा तर डोहाळजेवणातही दिलं. शत्रूच्या डोक्यावर पोचताना इंजिन बंद करून घसरत जाणाऱ्या रशियातल्या त्या विशीतल्या पोरींचं मी अशा काही आवेशात सांगते, की बायकांच्या हातातला चहा निवतो. आणि मी स्वतः? पन्हाळ्याच्या चढाला गाडी लागली की मला मळमळायला लागतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्यासारख्यांनाच.

गडहिंग्लजजवळच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक हे व्याख्यान ऐकून गेले होते. त्यांचा फोन आला. शाळेत बारावीला एक मुलगी आहे, गणितात पहिली, तिला लढाऊ विमान चालवायचंय. सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेला आता मुलींनाही बसता येतं, फॉर्म ऑनलाइन, शेवटची तारीख जवळ आलेली. पण घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि ओटीपी येणार त्याच मोबाईलवर. वडिलांचं म्हणणं एवढंच, की असली एक तरी बाई डोळ्यानं बघू दे, मग ओटीपी सांगतो.

"तुम्ही फक्त या आणि बोला, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले आणि माझा एक फोटो मागून घेतला. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला होता, तो मी पाठवला.

ठरल्या दिवशी एसटीत बसले आणि तवंदीच्या घाटात व्हायचं तेच झालं. सकाळचे पोहे खिडकीतून महामार्गाला अर्पण केले. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, नखानं ओरखडलं आणि माझ्या हातात दिलं.

"हुंगा, अक्का. खाली बघू नगासा, लांब बघा."

मी लांब बघितलं. जरा बरं वाटलं.

"एकट्याच निघालासा व्हय? असल्या तब्येतीला घरात बसायचं की वो."

मला राग आला. माझं भाषण आहे, असं मी ठसक्यात सांगितलं. कशावर, म्हणून त्यांनी विचारलं, तेवढ्यात पुढचं वळण आलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

गावाच्या फाट्यावर आम्ही दोघंही उतरलो. समोर एसटीएवढा फ्लेक्स. मागं लढाऊ विमान, पुढं वैमानिकाचा गणवेश घातलेलं एक उंचनिंच धड, काखेत हेल्मेट, पायांत बूट. आणि त्या धडावर माझं मुंडकं. चष्म्यासकट, टिकलीसकट, अबोलीच्या गजऱ्यासकट. डाव्या खांद्यावर पदराचा हिरवा काठ कापायचा राहिला होता. वर लिहिलेलं: 'युद्धभूमी गाजवणारी रणरागिणी वैमानिक आपल्या गावात'. खाली गावातल्या बारा पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, प्रत्येकाचं तोंड विमानापेक्षा मोठं.

टोपीवाल्या गृहस्थांनी फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या लिंबाकडं बघितलं. टोपी सारखी केली आणि ते गावाच्या वाटेला लागले.

शाळेत हलगी वाजत होती. पाच जणींनी ओवाळलं, डोक्याला फेटा बांधला. मी मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन झापलं. ते बिचारे घामाघूम. म्हणाले, "वैमानिक बायकांवर व्याख्यान, असंच लिहून दिलं होतं मी. फ्लेक्सवाल्याला वाटलं, वैमानिक बाईंचं व्याख्यान. सकाळी बघितलं तेव्हा तो लागला होता. आता तासभर सांभाळून घ्या. खोटं बोलू नका, मॅडम. फक्त खरं बोलू नका. मुलीचे वडील पहिल्याच रांगेत बसलेत."

मी बघितलं. पहिल्या रांगेत पांढरी टोपी. शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून माझ्याकडं टक लावून बघणारी. तिचा फ्लेक्सवर पूर्ण विश्वास बसलेला होता.

खरं सांगते, माईकपर्यंत चालत जाताना माझी नियत फिरली होती. युद्धापासून पोट नाजूक झालंय, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. कुठलं युद्ध, हे कुणी विचारलं नसतं. पण तीस वर्षं पोरांना पुरावा दाखव, पुरावा दाखव म्हणून छळलेलं. त्या मुलीकडं बघून जीभ रेटेना.

"फ्लेक्सवर तोंड माझं आहे, बाकी कुणाचं ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी इतिहासाची मास्तरीण. मला एसटीसुद्धा लागते. त्याला या सभेत एक साक्षीदार आहे."

हलगीवाला खो खो हसला. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. मी मात्र आता थांबणार नव्हते. रशियातल्या पोरींची विमानं लाकडाची आणि कापडाची होती, शिकाऊ लोकांसाठी आणि फवारणीसाठी बनवलेली, आणि रात्री शत्रूवर जाताना त्या इंजिन बंद करायच्या, हे सांगितलं. पुरुष लढायला गेले तेव्हा इंग्लंडमधल्या बायकांनी कारखान्यातून तळावर विमानं पोचवली, कधी न बघितलेलं विमान हातातल्या टिपणांवरून उडवलं, हेही सांगितलं.

टोपीवाले उभे राहिले.

"फवारणीचं इमान? आणि इंजिन बंद केल्यावर फिरून चालू न्हाय झालं तर? आमचा पंप हुईत न्हाय."

मी उत्तर द्यायच्या आत शेजारून आवाज आला. "उंचावर असतानाच बंद करायचं, आप्पा. चालू न्हाय झालं, तर घसरत घसरत सपाट जागा गाठायची. तेवढी उंची आधीच हिशोबात धरायची."

ते लेकीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "त्या पोरींस्नी ओकाऱ्या व्हायच्या न्हाईत व्हय?"

"व्हायच्या असणार," मी म्हणाले. "पण मला त्याची नोंद कुठं सापडलेली नाही."

"म्हंजे बाई खोटी निघाली." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "खरी एक तरी बघायची म्हणलो हुतो. आता ती घरातनंच द्याय लागतीया."

एवढं बोलून ते ऑफिसकडं चालायला लागले. पहिला ओटीपी त्यांनी चष्मा पुसेपर्यंत वाया गेला. दुसऱ्याचे सहा आकडे त्यांनी असे वाचले, की मैदानातल्या हलगीवाल्यालाही पाठ झाले असतील. मुलगी एकेक आकडा टाकत होती. निघताना त्यांनी फ्लेक्स सोडवून गुंडाळून घेतला. म्हशीचा गोठा गळतो म्हणाले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा मोबाईलवर एक फोटो आला. मागं विमान, पुढं गणवेश, काखेत हेल्मेट. फ्लेक्ससारखाच, फक्त मुंडकं आणि धड एकाच बाईचं. मला रडू आलं, ते लपवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून यथेच्छ रडले. फोटोखाली दोनच ओळी होत्या.

"मॅडम, पहिल्या तिन्ही उड्डाणांत मी ओकले. नोंद करून ठेवा."

मी व्याख्यानाची वही काढली आणि नोंद केली.