मनोरीच्या मचव्याची डावी बाजू

हिराबाईंचा फोन आला तेव्हा मी मरोळच्या आमच्या गाळ्यात लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे बांधत होतो. "सोमवारी मचवा तोडतान. लाकूड पायजे तं येऊन ने," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

हा मचवा म्हणजे मनोरीच्या खाडीकाठी चिखलात पडून असलेली तीस फुटी लाकडी होडी. हिराबाईंचे यजमान ती चालवायचे. ते गेले, घरात फायबरची बोट आली, आणि मचवा डाव्या कुशीवर कलंडून तसाच राहिला. आमचा धंदा अशा होड्यांची किट बनवण्याचा. खोक्यात लेझरनं कापलेले प्लायवूडचे भाग, शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या, शिडाचं कापड, दोरा आणि माहितीपत्रक असतं. घेणाऱ्यानं घरी बसून फूटभर लांबीची होडी बांधायची. मागच्या वर्षी आम्ही हा मचवा मोजून आलो होतो. नमुना तयार होता, खोक्याचं छापील वेष्टन तयार होतं. त्यावर "मूळ बांधणी: विश्राम मेस्त्री, मनोरी" असं लिहिलं होतं. आम्ही मोजायला गेलो तेव्हा हे मेस्त्री गावी गेले होते, त्यामुळे त्यांचं नाव तेवढं हिराबाईंकडून कळलं होतं. माझा एक नेम आहे. ज्यानं खरी होडी बांधली किंवा चालवली, त्याच्या हातात नमुना दिल्याशिवाय मी कापणी सुरू करत नाही. लाकूड आणायचं निमित्त झालं आणि जायचं ठरलं.

मनोरीला जाणाऱ्यांसाठी आधी थोडं कामाचं. मी नाहूरला राहतो. स्कूटरवरून पवईमार्गे मरोळला आलो, तिथे माझा भागीदार सतीश मागे बसला. पुढे हायवेनं मालाड आणि मार्वे रोडनं थेट धक्का. सकाळी सातला निघालात तर फार अडकत नाही. नऊनंतर मालाडचा सिग्नल तुमची परीक्षा बघतो. धक्क्यावरून मनोरीला फेरीबोट जाते, स्कूटरही बोटीत चढते. तिकीट किरकोळ आहे, पण सुटे पैसे ठेवा. पूर्ण ओहोटीला गाडी चढवताना चाक घसरतं, म्हणून भरतीची वेळ पाहून जा. त्यासाठी अॅप लागत नाही. आमच्या देवगडकडे करतात तसं तिथीला पाऊणनं गुणायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे धरून बाराच्या आत भरती भरते. आम्ही निघालो तो पौषातल्या पौर्णिमेचा शनिवार होता.

बोटीत पलीकडच्या बाकावर एक आजी कोंबडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सतीशच्या मांडीवर नमुन्याचं खोकं. आजींनी विचारलं, "त्यात कं हाय?"

"होडी आहे, आजी."

"होडीत होडी कला नेतंस?" म्हणून त्या हसल्या आणि कोंबडीलाही ते सांगितलं.

दहा मिनिटांत पलीकडे उतरलो. रस्ता एकच आहे, चुकायला वाव नाही. डाव्या हाताला सुकत घातलेले बोंबील, उजवीकडे ताडाची झाडं, मध्ये एक पांढरा क्रूस, पुढे गणपतीचं छोटं देऊळ. देवळात दोन मिनिटं बसलो. नमुना पुढे ठेवला आणि काही मागितलं नाही.

हिराबाईंनी जेवायला बसवलं. मी पौर्णिमेला मासे खात नाही, हे सांगितल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. "पुनवेला मासली नय खात? मंग मनोरीला कं रेती खावाला आयलास?" सतीशच्या ताटात तळलेले बोंबील पडले, माझ्या ताटात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. बिरडं उत्तम होतं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. राहायला त्यांच्या शेजारच्या घरातली खोली मिळते. दोघांचे हजार-बाराशे होतात, सकाळचा चहा त्यातच.

जेवण होताहोता विश्राम मेस्त्री आले. वय ऐंशीच्या घरात, मूळचे देवगड तालुक्यातले, माझ्या गावापासून दोन खाड्या पलीकडचे. तरुणपणी मचवे बांधायला मनोरीला आले आणि इथेच राहिले. डोळ्यांना आता अंधुक दिसतं. त्यांनी आयुष्यात किती होड्या बांधल्या ते त्यांनाही आठवत नाही, पण आज त्यांतली एकच उरली आहे, आणि ती सोमवारी तुटणार होती.

सतीशनं नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, दोन्ही अंगठे नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन बाजूंना ठेवले आणि सावकाश मागे नेत गेले. पुन्हा पुढे आणले. मग म्हणाले, "ह्यो माजो न्हय."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नसेल. म्हटलं, "मेस्त्रीनू, ह्योच मचवो. हिराबाईंचो."

"हिराबायचो आसा. माजो न्हय. खयची बाजू मोजलात?"

"उजवी. डावी चिखलात होती."

"आणि डावी?"

सतीश म्हणाला, "कंप्युटरवर मिरर केली. म्हणजे आरशात दिसते तशी उलटी."

"आरशात बघून दाढी करतत रे," मेस्त्री म्हणाले. "मचवो नाय बांधूचो."

मग सगळं बाहेर आलं. मचवा अगदी नवा असताना एका ट्रॉलरनं त्याला उजवीकडून ठोकलं होतं. मेस्त्री तेव्हा भावाच्या दिवसकार्याला गावी गेले होते. हंगाम थांबणार नव्हता, म्हणून हिराबाईंच्या यजमानांनी बाहेरचा सुतार आणून उजवी बाजू नव्यानं फळ्या घालून घेतली. त्या माणसानं नाळेशी पोट, म्हणजे फुगवटा, थोडं जास्त दिलं. मेस्त्री परत आले, मचवा बघितला आणि त्या घरी वर्षभर चहा प्याले नाहीत.

"उजवी तेची, डावी माजी. तुमी दोनय बाजू तेच्याच केलात."

चूक माझी होती, सतीशची नव्हे. विक्रोळीच्या कारखान्यात मी अठरा वर्षं ओतकामाचे लाकडी नमुने बनवले. त्या कामात अर्धा भाग अचूक बनवला की दुसरा त्यावरूनच होतो. दोन अर्धे वेगळे निघाले तर नमुना रद्द. तो विभाग बंद झाल्यावर हात तेच घेऊन या धंद्यात आले. समोर होडी कलंडलेली बघूनही, खाली दबलेली बाजू वेगळी असेल हे माझ्या मनात आलं नाही.

सतीश मला अंगणात नेऊन हळू आवाजात म्हणाला, "दादा, फरक किती आहे सांगू? मॉडेलमध्ये दोन मिलीमीटर. अरे यार, दोन! कोण बघणार आहे?"

"त्यांनी बघितलं."

"ते एकटेच आहेत जगात."

आतून मेस्त्रींचा आवाज आला. कान त्यांचे शाबूत होते. "खुशाल इका. बरो झालो आसा. फकत खोक्यार माजा नाव नको."

त्यात राग नव्हता. पण त्यांच्या हातची शेवटची होडी दोन दिवसांत जाणार, आणि तिची म्हणून जी वस्तू लोकांच्या घरात राहणार ती त्यांची नसणार, एवढं मला समजलं. डाव्या बाजूवर मचव्याचं सगळं ओझं होतं. ती बघायची तर मचवा दुसऱ्या कुशीवर वळवायला हवा, आणि हातात एकच भरती होती.

हे मी बोलून दाखवलं. हिराबाई म्हणाल्या, "उद्या उधाण हायच. परवा तोडायचाच, तं उद्या उलटू. मोडला तं मोडला."

रविवारी सकाळी पूर्ण ओहोटी होती. पाड्यातली सात-आठ माणसं फावडी घेऊन आली. मेस्त्री काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिथून सांगत राहिले. मचव्याच्या डाव्या अंगाखालचा चिखल थोडा उकरून तिथे झाकणं घट्ट लावलेली रिकामी पिंपं बांधायची. डाव्या काठाला दोर बांधून तो होडीवरून उजवीकडे टाकायचा. पाणी चढलं की पिंपं ती बाजू उचलतील, तेव्हा उजवीकडून ओढायचं. सतीश गुडघ्यापर्यंत चिखलात होता. त्याची एक चप्पल गेली ती गेलीच.

"ए कंप्युटर, पिंप वरती नको, खालती बांध!" एकानं ओरडून सांगितलं. दिवसभर त्याचं तेच नाव राहिलं.

प्रतिपदेची भरती पाऊण वाजता. साडेबाराच्या सुमाराला मचव्यातून कुरकुर ऐकू यायला लागली. मेस्त्रींनी हात वर केला, सगळे दोर धरून थांबले. त्यांना पाणी दिसत नव्हतं. ते लाकडाचा आवाज ऐकत होते. मी मनात गणपतीचं नाव घेतलं. "आता," ते म्हणाले. आम्ही ओढलं. मचवा अर्ध्यावर येऊन उभा राहिला, क्षणभर पाण्यावर असल्यासारखा सरळ, आणि मग मोठा उसासा टाकावा तसा उजव्या कुशीवर गेला. मागची एक फळी फाटकन तुटली. नाळ शाबूत होती.

तीनपर्यंत पाणी उतरलं. चिखलानं लाकूड चांगलं राखलं होतं. आम्ही ओळंबा लावून, पुठ्ठे कापून ते फळ्यांच्या वळणाला तंतोतंत बसवत डावी बाजू उतरवून घेतली. ते काम दोन तास चाललं. शेवटी मेस्त्रींना हाताला धरून फळ्या टाकलेल्या वाटेनं आणलं. त्यांनी दोन्ही तळवे नाळेवर ठेवले. मागे जाताना एका ठिकाणी हात थांबला.

"बांधताना हंय वायच खोल गेला. तेवाच माका समाजला होता."

सतीश म्हणाला, "काका, कंप्युटरवर नीट करून देतो. पाच मिनिटांचं काम."

"कर. मगे तो तुजो मचवो."

सतीशनं पुठ्ठ्यावर त्या जागी पेन्सिलनं खूण केली आणि शेजारी लिहिलं: असंच ठेवणे.

आता उरला होता प्रश्न उजव्या बाजूचा. मी विचारलं, "तुमच्या डावीवरून उजवी करूया काय? म्हणजे नवो असताना होतो तसो व्हयत."

त्यांनी नमुना मागितला. उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला, काल फिरवला होता त्यापेक्षा जास्त वेळ. "नवो व्हतो तसो आता खय आसा? डावी-उजवी तेवा पण सारकी नाय होती. मानसाचे दोन हात सारके नसतत." पुन्हा अंगठा फिरला. "वाईट नाय केल्यान. बारा वर्सां दर्यात होती. एक फळी सुटली नाय. ती तशीच ऱ्हवांदे."

"मग खोक्यावर नाव?"

"दोगांचा घाल. जनार्दन तेचा नाव. हर्णैचो."

हिराबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी वर्सं नाव नय घेतलंन ह्यानं!"

"तू इचारलंस खय?" मेस्त्री म्हणाले आणि खुर्चीकडे चालू लागले.

सहाच्या बोटीनं परतलो. स्कूटरला मचव्याच्या दोन छोट्या फळ्या बांधल्या होत्या, त्यामुळे मालाडला पोलिसानं थांबवलं. "काय आहे हे?" सतीशनं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यानं हातानंच जायला सांगितलं.

मचवा सोमवारी तुटला. हिराबाईंनी कळवलं की तासाभरात झालं. मनोरीला त्या जागी आता जाळी सुकत असतील. तुम्ही गेलात तर बघण्यासारखं तिथे विशेष काही नाही; देऊळ आहे, बिरडं आहे, पलीकडचा किनारा संध्याकाळी मोकळा असतो.

आमच्याकडे मात्र काम दुप्पट झालं. पूर्वी एकच भाग दोनदा कापत होतो, आता डाव्याचे आणि उजव्याचे वेगळे, प्रत्येकावर वेगळा क्रमांक. वेष्टन पुन्हा छापलं. त्यावर दोन नावं आहेत, आधी विश्राम, मग जनार्दन. माझी पत्नी सुनंदा प्रत्येक नवं किट पहिल्यांदा बांधून बघते आणि माहितीपत्रक तीच लिहिते. बांधणीच्या तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, ही वाकडी होतेय. माझं चुकतंय की तुमचं?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, गोंद पुसला आणि पत्रकात पहिल्या पानावर, साहित्याच्या यादीच्याही वर, दोन ओळी घातल्या: "या होडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पॉलिश पेपरनं घासून त्या सारख्या करू नयेत."

सतीश म्हणतो, लोक घासणारच. काही जण घासतीलही. त्यांच्या घरात तो त्यांचा मचवा होईल.