झीनतभाभी खुर्चीवर बसत नाहीत

झीनतभाभींच्या मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी ताकीद दिली, आता ढोलकी वाजवायची नाही. भाभींनी मान हलवली. मी त्यांची जुनी शेजारीण. त्यांनी मान हलवली म्हणजे ऐकलं असं धरायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एरवी भाभी घरी बसून कारखान्यातून आलेल्या टॉवेलांच्या कडा शिवतात. लग्नसराईत मात्र त्या राणी असतात. मेहंदीच्या कार्यक्रमात आमच्या गल्लीतल्या बायका सतरंजीवर बसून नवऱ्यामुलाच्या आईला चिडवणारी गाणी म्हणतात. ती गाणी भाभी जुळवतात आणि ढोलकीही त्यांचीच. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, त्यात गुडघे गेलेले, म्हणून मला बाजूला खुर्ची मिळते. खुर्चीवाल्यांना सरबत आधी मिळतं आणि चिडवत मात्र कुणी नाही. किती कंटाळवाणं असतं ते, मला विचारा!

या वर्षी गल्लीतल्या अतीकच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि भाभींच्या जाऊबाई कमरुन्निसा लगबगीनं आल्या. "ढोलकी मैं संभालतूं. तुम आराम से कुर्सी पे बैठो."

कमरुन्निसा ढोलकी अशी बडवतात की गाण्याचा एक शब्द ऐकू येत नाही. पण भाभींच्या मनाला लागली ती खुर्ची.

"बाई, मी काय म्हातारी झाले का, खुर्चीवर ठेवायला?" त्या मला म्हणाल्या. मी तेव्हा खुर्चीवरच बसले होते.

त्यांच्या सुनेनं, समरानं, माहेरहून गिटार आणली होती. सासरी वाजवायची लाज, म्हणून ती लग्नापासून भिंतीवर टांगलेली. एका दुपारी भाभींनी ती खाली काढली आणि तिच्या पोटावर बोटं आपटली. पोकळ लाकूड घुमलं.

"समरा, इसमें तो ढोलकी है गे!"

मग सून सासूला शिकवायला बसली. डावा पंजा तारांवर अलगद ठेवायचा, म्हणजे तार गुंजत नाही, नुसती टक् करते. उजव्या अंगठ्याची कड जाड तारेवर आपटून लगेच उचलायची. मधूनच तळवा लाकडावर, धप्. मनगट सैल, जोर अजिबात नाही. समरा म्हणायची, "अम्मी, एखादा सूर तरी वाजवा. आणि खुर्चीवर बसा, गिटार नीट धरता येते."

भाभींना दोन्ही नामंजूर. "तारां बोले तो औरतां कब बोलेंगे?" असं म्हणून त्या मांडीखाली उशी घेऊन जमिनीवरच बसायच्या.

ते धप् शेजारी माझ्या घरात नेमकं दार वाजवल्यासारखं ऐकू यायचं. मी दार उघडायची, बाहेर कुणी नाही. भाभींना हे कळल्यावर तर त्या मला खिडकीतून बघून मुद्दाम वाजवायला लागल्या. मी भडकले.

"गुडघ्यांना व्यायाम होतोय की, बाई!" हे वर.

मेहंदीच्या संध्याकाळी कमरुन्निसा ढोलकी घेऊन ऐटीत बसलेल्या. माझ्या शेजारी भाभींसाठी खुर्ची मांडलेली. भाभी आल्या, खुर्चीवर पर्स ठेवली आणि गिटार घेऊन थेट सतरंजीवर बसल्या.

"बुढापे में हीरोइन!" कमरुन्निसा म्हणाल्या. बायका फिदीफिदी हसल्या. आज हसं झालं असतं, तर भाभी पुन्हा कधी सतरंजीवर बसल्या नसत्या.

टक् टक् धप्. टक् टक् धप्. ताल हळू, पण शब्द लख्ख.

"समधन आई सांगोले से, लाई अनारां की पेटी,
ऊपर ऊपर लाल अनारां, नीचे..."

आणि पंजा तारांवर पडला. सगळं एकदम बंद. ढोलकीचा घुमारा जरा तरी रेंगाळतो, इथं काहीच नाही. सगळ्या माना सांगोल्याच्या समधनीकडे, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईकडे वळल्या. पेटीत डाळिंबांच्या खाली काय होतं? कांदे? दगड? भाभी डोळे मिचकावत नुसत्या बसलेल्या.

समधन लालेलाल झाली. शेवटी तिच्यानं राहवेना. "नीचे बी अनारांच हैं गे!"

मंडपात हशा उसळला. "देख्या किसने? देख्या किसने?" भाभींनी ताल उचलला. समधन स्वतःच टाळ्या वाजवत त्यांच्याजवळ येऊन बसली. कमरुन्निसांनी ढोलकी कधी बाजूला ठेवली, कळलंच नाही.

भाभी मला म्हणाल्या, "बाई, खाली या की." मी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी गिटारीच्या लाकडावर तीनदा धप् धप् धप् केलं.

सवयीनं मी उठलेच. उठलेच आहे तर जाऊन खाली बसले. परत उभं करायला समरा आणि समधन दोघी लागल्या, पण ते फार उशिरा. त्याआधीचं गाणं माझ्या गुडघ्यांना चिडवणारं होतं.