पडणारा खटका

मीटरच्या बोर्डावरचं टेस्टचं बटण मी रोज सकाळी दाबतो. खटका पडतो, घर गप्प होतं.

जुना खटका गीझर लावला की पडायचा. वैतागून मी वायरमनला म्हटलं, “काढा तो. डायरेक्ट करून टाका.”

“साहेब, गीझरमधून करंट उतरतोय, म्हणून पडतो. बाकीचे खटके वायर जळू देत नाहीत. माणसाला वाचवणारा हा एकटाच.”

“करा हो डायरेक्ट!”

मग काहीच पडेना. एका सकाळी न्हाणीघरात माझी बायको, सुधा, पडली. मी बोर्डाकडे धावलो. सगळे खटके ताठ उभे होते.

जुन्या खटक्याच्या पडण्याला मी बिघाड समजत होतो. तो बिचारा ओरडून सांगत होता.

आता नवा खटका रोज पाडतो, रोज वर करतो. तो दर वेळी उठतो.