घटातली काडी

"ही काडी घटात आली कुठून, एवढंच मला सांगा," गोदावरीबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. काडेपेटीतली जळून टोक काळं झालेली एक काडी त्यांनी चिमटीत धरली होती. मेलेलं झुरळ धरावं तशी, अंगापासून लांब.

"आजी, मी साडेतीनला दिव्यासमोरून उठले तेव्हा तो चालू होता," श्रावणी म्हणाली.

"तू उठलीस तेव्हा चालू होता. आणि बसली होतीस तेव्हा? त्या मोबाईलातून एकदा तरी मान वर केली होतीस का?"

"केली होती की."

"कितीदा?"

"आता माना पण मोजायच्या का?"

सुबोध नुकताच ऑफिसातून आला होता. एक मोजा काढून झाला होता, दुसरा पायातच होता. "श्रावणी, आजीशी नीट बोल. मोबाईल दे इकडं."

"बाबा, मी काही केलेलं नाही."

"काही केलं नाहीस म्हणूनच तर दिवा गेला. दे."

"रंभाबाईला विचारा की. झाडताना तिनं टाकली असेल."

"रंभाबाई सकाळी आठला झाडून जाते," गोदावरीबाई म्हणाल्या. "आणि नऊ दिवस तिला मी त्या खोलीत पाऊल टाकू देत नाही. उगाच गरिबावर घालू नकोस."

नवरात्राची सहावी माळ होती. या घरात पहिल्या दिवशी घटाजवळचा दिवा काडीनं लागतो, आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत काडेपेटी त्या खोलीत जात नाही. वात बदलायची झाली तर ज्योत आधी शेजारच्या निरांजनावर घ्यायची आणि तिच्यावरून नवी वात लावायची. नऊ दिवस विस्तव एकच. तो जाऊ नये म्हणून घरातलं कुणी ना कुणी सतत दिव्यासमोर असतं. संध्याकाळी गव्हाच्या पिवळ्या कोंबांवर पाणी शिंपडताना घटाच्या काळ्या मातीत गोदावरीबाईंच्या बोटाला काडी लागली. तिचा अर्थ एकच होता. दिवा गेला होता, आणि कुणीतरी तो गुपचूप पुन्हा लावला होता.

स्वयंपाकघरात श्रावणीची आई इंद्रायणी भगर ढवळत होती. बाहेरचा शब्दन्‌शब्द तिला ऐकू येत होता. पावणेचारला ती काडी तिनंच ओढली होती.

इंद्रायणी आता एकोणपन्नास वर्षांची आहे. भवानी पेठेतल्या या घरात येऊन तिला सव्वीस वर्षं झाली आणि शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून चोवीस. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सासूबाईंची कंबर धरली. त्यांना पाटावर बसवेना, म्हणून नवरात्रातली पोथी सुनेकडे आली. इंद्रायणी काही फार देवभोळी नव्हती. उच्चार चुकतील या भीतीनं ती पहिले दोन दिवस घामाघूम झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पाटावर बसल्यापासून आपल्याला कुणीही हाक मारलेली नाही.

नियमच तसा होता. अध्याय सुरू झाला की उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि वाचणारीला कुणी हाक मारायची नाही. सकाळी दोन तास, दुपारी एक. दूधवाला येवो, कुकर करपो, गोदावरीबाई बघायच्या. श्रावणी दोन वर्षांची असताना तापानं रडत होती, तेव्हा पाठ मोडू नये म्हणून त्या तिला कडेवर घेऊन शेजारच्या घरी जाऊन बसल्या होत्या. सासूबाईंनी आपल्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, असं इंद्रायणी अजून मानते. उरलेले तीनशे छप्पन्न दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देत असे. साहेबांच्या, नवऱ्याच्या, पालकांच्या, गॅसवाल्याच्या. या नऊ दिवसांसाठी ती वर्षभर रजा साठवून ठेवायची.

त्या तासांत पुण्य किती मिळालं ते तिला ठाऊक नाही. पण डोकं रिकामं व्हायचं, आणि सातव्या-आठव्या माळेला त्यात काहीतरी उगवायचं. अशाच एका आठव्या माळेला तिनं अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करायचं ठरवलं आणि छत्तिसाव्या वर्षी केलंही. एका वर्षी स्कूटी शिकायचं ठरवलं. सुबोध म्हणाला होता, "या वयात कशाला?" ती शिकली. पहिल्या दिवशी त्यालाच मागं बसवून रूपाभवानीच्या देवळापर्यंत नेऊन आणलं. यंदा एम.ए.चं ठरवायचं, असं ती गेली तीन वर्षं म्हणत होती.

मोबाईल पाटाशेजारी आला तो शाळेमुळे. रजेवर असली तरी मुख्याध्यापकांचा मेसेज यायचा, अमुक तक्ता आजच पाठवा, तमुक माहिती दुपारपर्यंत भरा. म्हणून तो जवळ ठेवावा लागला. नंतर ते काम एका नव्या मुलाकडे गेलं. मेसेज थांबले, हात थांबला नाही.

उपाय तिनं सगळे करून पाहिले. मोबाईल कणकेच्या डब्यात ठेवला, तर दिवसातून दहादा कणीक किती उरली ते बघावंसं वाटू लागलं. श्रावणीनं एक ॲप घालून दिलं. मोबाईलला हात लावला नाही तर त्यात झाड वाढायचं, लावला तर वाळायचं. दोन आठवड्यांत अकरा झाडं वाळली. पहाटे पाचला उठणाऱ्यांचं आयुष्य कसं बदलतं हे सांगणारा एक माणूस होता. त्याचे व्हिडिओ बघायला ती खरोखर पहाटे पाचला उठायची आणि अंथरुणातच सहापर्यंत बघत पडायची. घरात मोबाईलवरून बोलणी खायची ती श्रावणी. आईच्या हातातला मोबाईल म्हणजे शाळेचं काम, असं घरानं धरून ठेवलं होतं आणि तिनंही ते कधी खोडलं नव्हतं.

यंदा पहिल्या माळेला चार पानं नीट गेली. दुसऱ्या माळेला दोन. तिसऱ्या माळेला आरती झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की मधला जवळजवळ अख्खा अध्याय आपण वाचलेलाच नाही. डोळे ओळींवरून गेले, तोंडातून आवाज आला, आणि मन दुसरीकडेच होतं. गोदावरीबाईंना कळलं नाही. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. निदान आपल्याला फार वाईट वाटेल. तेवढंही वाटलं नाही.

आणि आजची दुपार. साडेतीनला श्रावणी क्लासला गेली आणि इंद्रायणी पाटावर बसली. ज्योत हलू नये म्हणून त्या खोलीत नऊ दिवस पंखा लावत नाहीत. सोलापुरातलं ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. मागच्या गल्लीतले माग खडखडत होते. इतक्या वर्षांत त्या खडखडाटानं तिचा एक शब्द चुकला नव्हता. पोथी उघडून तिनं तिच्यात मोबाईल ठेवला. कुठल्याशा देशातला एक माणूस चिखलानं माखलेला गालिचा धूत होता. आधी नुसता चिखल. मग करडं पाणी. मग कोपऱ्यात एक लाल फूल दिसलं. काठ कसला आहे तेवढं कळलं की बंद करू, असं ती स्वतःला म्हणाली.

जळक्या कापसाचा वास आला तेव्हा तिनं वर पाहिलं. तेल संपून वात कोरडी जळून गेली होती. तेलाची बरणी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती.

तिनं तेल घातलं, वात घातली, स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली. दिवा लागला आणि त्याच वेळी आतल्या खोलीत झोपलेल्या गोदावरीबाई खोकल्या. घाबरून तिनं काडी हाताला लागेल त्या मऊ जागी खुपसली. ती जागा घट होती. त्यानंतर तिनं जे केलं ते ती कुणालाही सांगणार नव्हती. ती पुन्हा पाटावर बसली आणि काठ कसला निघाला ते तिनं पाहिलं. काठ निळा होता.

"आई," बाहेरून श्रावणीचा आवाज आला. तो आता रडवेला झाला होता. "तू तरी सांग ना. मी गेले तेव्हा दिवा होता की नाही?"

इंद्रायणीनं गॅस बंद केला. हात पुसत ती बाहेर आली. श्रावणीचा मोबाईल सुबोधच्या शर्टाच्या खिशात गेला होता.

"होता," ती म्हणाली. "ती काडी मी ओढली. दिवा माझ्यासमोर गेला."

सुबोधनं दुसरा मोजा काढला.

"हवेनं गेला असेल," तो म्हणाला.

"हवा कुठली? सहा दिवस पंखा बंद आहे. अंग आंबलंय माझं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"मग तेल खराब असेल. हल्ली भेसळ किती असते."

"तेल संपलं होतं," इंद्रायणी म्हणाली. "मी मोबाईल बघत होते. पोथीत ठेवून."

गोदावरीबाईंनी काडी हळूच खिडकीत ठेवली. त्यांचा आवाज खाली आला. "शाळेचं काम आलं असेल. हो ना?"

"नाही. गालिचा धुताना बघत होते."

"कुणाचा?"

"माहीत नाही."

श्रावणी हसली असती, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ओठ मिटले.

मग तिघंही तिला सावरायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"होतं असं," गोदावरीबाई म्हणाल्या. "एकशे आठ वेळा जप कर. उद्या देवळात जाऊन ओटी भरून ये. देवी काय आपल्यासारखी खुनशी आहे?"

"अगं, आमच्या ऑफिसात सगळ्यांचं हेच चाललंय," सुबोध म्हणाला. "तुला एक व्याख्यान पाठवतो. एकवीस दिवसांत कुठलीही सवय सुटते म्हणतात."

"पाहिलंय. दोनदा."

"आई, मी लॉक घालून देते," श्रावणी म्हणाली. "पासवर्ड माझ्याकडे ठेवते."

"तुझा पासवर्ड तुझी जन्मतारीख असते गं. मागच्या वेळी पाच मिनिटांत उघडलं होतं मी."



गोदावरीबाई भिंतीला धरून उठल्या. जवळ येऊन त्यांनी सुनेच्या दंडावर हात ठेवला. तसा त्या फारसा ठेवत नसत. "झालं ते झालं. उद्या सातवी माळ. तू पहाटेच बैस. मी दाराशी खुर्ची टाकून बसते. कुणाला एक हाक मारू देणार नाही मी तुला."

इंद्रायणीनं सुबोधच्या खिशातून मोबाईल काढला आणि श्रावणीच्या हातात दिला. मग ती गोदावरीबाईंकडे वळली.

"उद्या मी बसणार नाही, आई," ती म्हणाली. "परवाही नाही. कुणी हाक मारली नाही तरी माझं मन तिथं नसतं. पोथी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे. दिव्यात तेल कुणी घालायचं ते तुम्ही तिघं ठरवा. उरलेली रजा मी रद्द करते, उद्यापासून शाळेत जाते. सकाळी मला हाक मारली तरी चालेल."