नदीकाठच्या हॉलच्या खिडक्या

माझे सासरे मिल बंद पडेपर्यंत एकाच कामावर होते. जिथे माग चालायचे त्या खात्यात हवा दमट ठेवायची. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो. म्हणून भिंतीवरचे दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एक ओल्या वातीत गुंडाळलेला, तासातासाला पाहायचे आणि त्याप्रमाणे पाण्याचे फवारे कमीजास्त करायचे. लग्न होऊन मी सांगलीहून इंदूरला आले तेव्हा हे ऐकून मला हसू आलं होतं. हवा सांभाळायची कसली नोकरी, असं मी नवऱ्याला म्हणालेही. बाबांच्या कानावर ते गेलं असावं, कारण पुढे बरीच वर्षं त्यांनी माझ्यापुढे मिलचा विषय काढला नाही.

मिल पाडली, जागा कितीतरी वर्षं बाभळींच्या ताब्यात राहिली. शेजारून वाहणाऱ्या नदीला सगळं गाव नालाच म्हणायचं. मग तिचा काठ साफ झाला, मिलच्या जागेवर बगीचा झाला, आणि बगीच्यात लोकांसाठी एक इमारत उभी राहिली. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, अधूनमधून मिलच्याच जुन्या विटा, छतावर सोलर, जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी. एसी मुद्दामच नाही. आत दोन हॉल, एक मोठा, एक लहान. शनिवारी सकाळी अकरा वाजता लहान हॉलमध्ये मी मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला.

पहिला वर्ग एप्रिलात होता. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत भट्टी झाली होती. एक मुलगी म्हणाली, "आंटी, खूप गर्मी होते आहे." मी फळ्यावर लिहिलं, उकडतंय. अर्थ सांगावा लागला नाही.

त्या दिवशी बाबा नातीला, माझ्या मुलीला, वर्गाला सोडायला आले होते. मिल पाडल्यापासून त्या जागेवर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. वर्ग संपेपर्यंत ते भिंतींना तळवा लावत हिंडत होते. मग त्यांनी चौकीदाराला विचारलं की या खिडक्या दिवसा कोण उघडतं. चौकीदार जवळच्याच सिमरोल गावचा, या भिंती बांधताना मजुरीला होता, तिथेच नोकरीला राहिला. तो म्हणाला, सगळेच उघडतात. बनवणारे सांगून गेले होते की उन्हं उतरल्यावर उघडा आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करा, म्हणजे रात्रीचा गारवा भिंतीत राहतो, पण ऐकतं कोण. दारावर तशी पाटीही होती, इंग्रजीत. बाबांनी ती चष्मा सरकवत पूर्ण वाचली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दोनदा आमच्या राजेंद्र नगरहून सिटी बसने तिथे जाऊ लागले, सकाळी खिडक्या लावायला आणि संध्याकाळी उघडायला. अडचण आली ती दुपारी. समोरच्या वस्तीतल्या बायकांचं भजनी मंडळ दोन वाजता यायचं आणि त्यांच्या म्होरक्या, ज्यांना सगळे जीजी म्हणायचे, आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. पत्र्याच्या घरांतून आलेल्या बायकांना बंद खोलीत घुसमटायला होतं, असं त्यांचं म्हणणं. इमारतीच्या कमिटीकडे त्यांनी कूलरचा अर्जही दिला होता. बाबांनी त्यांना समजावून पाहिलं. जीजी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिल तो कब की बंद हो गई बाबूजी, अब किस पर हुकुम चला रहे हो?"

हे मला चौकीदाराकडून कळलं. बाबांनी घरी सांगितलं नाही. तीन दिवस ते बाहेर पडले नाहीत, जेवताना फक्त हूं हूं करत राहिले. मला वाईट वाटलं, पण जीजींचा राग येईना. त्या जे तोंडावर बोलल्या तेच मी एकदा पाठीमागे बोलले होते.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "बाबा, तो ओला थर्मामीटर असायचा ना, त्याने कळायचं कसं?"

मी खरंच विचारते आहे ना, हे त्यांनी आधी पाहून घेतलं. मग उठले, मिलच्या वेळचे दोन थर्मामीटर आणले, देवघरातली समईची वात मागून घेतली, ती भिजवून एकाला गुंडाळली. पाणी उडून जाताना पारा कसा उतरतो, हवा कोरडी असेल तर दोघांत अंतर कसं वाढतं, मुकादम वैतागला की आधी यांनाच कसा बोलावायचा, हे सगळं सांगता सांगता तास गेला. इतक्या वर्षांत आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी जीजींना भेटले आणि म्हटलं, एक दिवस करून तर पाहू. मोठा हॉल तुमच्या पद्धतीने, लहान हॉल बाबांच्या. त्या लगेच तयार झाल्या, बाबांना हरवायला मिळणार म्हणून.

मे महिन्यातली दुपार होती. मोठ्या हॉलमध्ये भजन सुरू झालं. लहान हॉलमध्ये बाबा आणि मी, पंखा हळू, खिडक्या बंद, कोपऱ्यात माठ, भिंतीवर बाबांचे थर्मामीटर. दुसऱ्या भजनानंतर एक बाई पाणी प्यायला आल्या आणि गार भिंतीला टेकून बसल्या. मग आणखी दोघी आल्या, त्यांनाही तहान लागली होती. चौथ्या भजनात तिकडे आवाज अगदी पातळ झाला. शेवटी जीजी आल्या, हातात ढोलक. खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"यहाँ आवाज अच्छी आती है," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले, "हां, बिल्कुल." थर्मामीटरकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही.

कूलरचा अर्ज मागे घेतला गेला. पुढे बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा खिडक्यांचं काम जीजींनी घेतलं, आणि बाबा बरे झाले तरी संध्याकाळची पाळी सोडायला त्या तयार नाहीत. बाबांची तक्रार आहे की त्या दहा मिनिटं उशिरा उघडतात. परवा कोणी मोठे साहेब पाहुण्यांना इमारत दाखवत होते. नदी दिसावी म्हणून भर दुपारी त्यांनी खिडकीच्या कडीला हात घातला. जीजींनी भजन थांबवून त्यांना सांगितलं की साहेब, नदी पाहायची तर बाहेर जाऊन पाहा. पाहुण्यांसकट साहेब उन्हात गेले, आणि बाबांना इतकं हसू आलं की मला त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा लागला.