पाण्याची लाइन येऊन राह्यली

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला परकीय गुंतवणुकीवर एक प्रश्न हमखास यायचा. उत्तर मला अजून पाठ आहे: परदेशी भांडवल जिथे रस्ते, वीज, पाणी आधीच असतं तिथेच जातं, म्हणून पुढारलेला भाग आणखी पुढे जातो आणि मागासलेला मागेच राहतो. आमच्या सरांनी हे इतकं जीव तोडून शिकवलं, की निकाल लागल्यावर अर्ध्या वर्गानं पुण्याची गाडी पकडली. घरातली पहिली पदवीधर म्हणून मलाही जावं लागणार होतं. जायची इच्छा मात्र अजिबात नव्हती. मला यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या नेरलाच राहायचं होतं, आईबाबांजवळ.

अशात एका कोरियन कंपनीनं यवतमाळजवळ, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक प्लॉट पाहिला. जखमेला लावतात तो दवाखान्यातला कापूस त्यांना बनवायचा होता. कापूस पिकतो आमच्या दारात, तरी त्यांची पहिली पसंती चाकणलाच. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमना प्लॉटवरची खबर फोनवर सांगणारं कोणीतरी इथलं हवं होतं. सरांनी माझं नाव सुचवलं. ते उपकार मी विसरणार नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की लोहाऱ्यात काही उभं राहिलं तर तुझी नोकरी पक्की, नाहीतर हे काम इथेच संपलं.

सगळं अडलं होतं पाण्यावर. हा कापूस धुवायला पाणी फार लागतं, आणि प्लॉटवर नळाची लाइन नव्हती. मॅडमनी फोनवर चौकशी केली तेव्हा मी धावत लाइन टाकणाऱ्या मुकादम काकांकडे गेले. ‘जय भीम काका’ म्हणून पाण्याचं विचारलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "येऊन राह्यली ना वं पोरी. कायले टेन्शन घेतं?"

आमच्याकडे ‘येऊन राह्यली’ म्हणजे येते आहे, वाटेत आहे. पण पुण्याच्या मॅडमशी गावठी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून मी तो शब्द इस्त्री मारल्यासारखा सरळ केला आणि अगदी शुद्धपणे कळवलं, "पाण्याची लाइन येऊन राहिली आहे, मॅडम."

पुण्यात याचा अर्थ आली, आणि मुक्कामाला राहिली. मॅडमनी तसं वर कळवलं, आणि पुढच्याच आठवड्यात दोन कोरियन साहेबांना घेऊन त्या लोहाऱ्यात हजर.

मी नवा ड्रेस घालून, झेंडूचे हार घेऊन उभी होते. साहेबांनी हार घालून घेतले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि लगेच विचारलं, नळ कुठे आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या उत्साहानं रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे, शेजारच्या प्लॉटच्याही पलीकडे, काकांची माणसं चर खणत होती.

"अगं, तू म्हणालीस येऊन राहिली."

"हो मॅडम. येऊनच राहिली आहे. बघा ना, केवढी जवळ आली."

काका माझ्या मदतीला आले. "खरं बोलून राह्यली पोरगी. आम्ही सकायपासून खोदूनच राह्यलो."

मॅडमनी ‘राह्यली, राह्यलो’ असं पुटपुटून पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या साहेबांच्या देखत पोट धरून हसायला लागल्या. मला रडू येत होतं, पण त्यांचं हसू बघून मीही सुटले. साहेबांना इंग्रजीत समजावता समजावता मॅडमना पुन्हा पुन्हा हसू फुटत होतं.

मोठे साहेब हसले नाहीत. ते हारासकट चरात उतरले, पाइप ठोकून पाहिला, काकांच्या माणसांचा हात किती चालतो ते पाहिलं. मग वर येऊन म्हणाले, की ‘पाणी नाही’ असं कळलं असतं तर आम्ही इथे पाऊलच टाकलं नसतं. आता आलोच आहोत आणि पाइप दिसतोय, तर वाट बघू.

त्यानंतर मी रोज नेरहून बसनं यायची आणि चराच्या काठावर उभी राहायची. काका वैतागायचे. म्हणायचे, तू पाहून राह्यली म्हणून पाइप काही पळत नाही. पण एका दुपारी नळ खाकरला. मी व्हिडिओ कॉल लावला, आणि गढूळ, लालभडक पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर आली. फोनमध्ये मॅडम टाळ्या पिटत होत्या.

मोठा कारखाना शेवटी चाकणलाच गेला. सरांनी सांगितलेलं उत्तर काही चुकलं नाही. पण कापूस धुण्याचं युनिट लोहाऱ्याला मिळालं, आणि त्यात मी.

हे कळलं त्या संध्याकाळी मी दारातूनच ओरडत घरात शिरले. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू आता रोज घरीच जेवशीन?"

मी हो म्हटलं. पुण्यासाठी म्हणून मला न सांगता घेतलेली नवी कोरी बॅग तिनं कपाटावरून खाली ओढली, आणि भराभर तिच्यात घरातल्या जुन्या गोधड्या कोंबायला लागली.